७ नोव्हेंबरचा फळा (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-१०३ काका, सकाळी ६.५०
सुप्रभात मंडळी. आजचा दिनविशेष, ७ नोव्हेंबर.
१८५८ – बिपिनचंद्र पाल यांचा जन्म
१८६२ – बहादूरशहा जफर यांचं रंगूनला निधन
१८६७ – मेरी क्युरी यांचा जन्म
१८८८ – सी. व्ही. रामन यांचा जन्म
१९१७ – रशियात बोल्शेविक क्रांती
पाणी आज साडेसातला येणार आहे, त्याआधी मोटर लावू नका.

बी-२०४ (आईच्या फोनवरून, मी सातवीतली)
काका, लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहायला घेतलंय. पण रशियातल्या क्रांतीला ऑक्टोबर क्रांती म्हणतात ना? मग ती नोव्हेंबरात कशी?

ए-३०१ दादा
छान प्रश्न. रशियात तेव्हा जुनं, ज्युलियन कॅलेंडर चालायचं. ते आपल्या आताच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे होतं. क्रांती झाली तेव्हा तिथं २५ ऑक्टोबर होता, आपल्या आताच्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅलेंडर बदललं. १९१८ मध्ये तिथं ३१ जानेवारीला लोक झोपले आणि उठले ते थेट १४ फेब्रुवारीला!

बी-२०४
मग त्या तेरा दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते त्यांचं काय 😮

सी-२०१ बाई
काका, यादी चांगली आहे, पण आपल्या गावचंच राहिलं की. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. राजवाड्याजवळचं आपलं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. इंग्रजी पहिलीचा वर्ग, वय ९. रजिस्टरला १९१४ नंबरापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. २०१७ पासून आपल्या राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्यातल्या फळ्यावर हे सगळ्यात वर पाहिजे.

ए-१०३ काका
बाई, चुकलंच. ही यादी मला फॉरवर्ड होऊन आली तशीच मी पाठवली.

बी-१०२
बाई, बाबासाहेबांबद्दल पूर्ण आदर आहे, तरी मनातलं बोलतो. शाळेत नाव घातलं ही ऐतिहासिक घटना धरायची का? चवदार तळं आहे, २० मार्च १९२७. नागपूरची धम्मदीक्षा आहे, १४ ऑक्टोबर १९५६. ते खरे दिवस. शाळेत नाव तर आपल्या सगळ्यांचंच घातलं होतं.

सी-२०१ बाई
भाऊ, आपल्या सगळ्यांचं घातलं होतं खरं. पण ‘सगळ्यांचं’ हा शब्द १९०० सालात नव्हता.

त्या शाळेच्या दिवसांबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात त्यांना इतर मुलांत बसता यायचं नाही. कोपऱ्यात वेगळं बसायचं, बुडाखाली गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर! मी तेहतीस वर्षं शिकवलं, त्या वयाची मुलं एका तासात तीनदा पाणी प्यायला जाऊ का विचारतात.

आणि १९०१ च्या सुट्टीत वडिलांकडे कोरेगावला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, ती मुलांनीच हाकली आणि गाडीवान बाजूनं चालत आला. वाटेत रात्र झाली. बरोबर जेवण होतं, पण पाणी कोणी देईना म्हणून उपाशीच झोपले. मसूर इथून किती लांब आहे ते आपल्याला माहीतच आहे.

आता तुमचा मुद्दा. काकांच्या यादीत पाच ओळी आहेत, त्यातल्या तीन नुसते जन्म आहेत. जन्माला येण्यात बाळाचं काय कर्तृत्व? पुढं काय झालं हे कळल्यावर आपण ती तारीख जपतो. मग दाखल्याची तारीख का जपू नये? तिच्यात निदान एका बापाचा हट्ट तरी आहे. रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त झालेले, घरात बायको गेलेली, हाताशी पैसा बेताचा, तरी पोरगा इंग्रजी शाळेत घातला.

ए-३०१ दादा
बाई, क्युरींचंही असंच होतं. त्या वॉर्सातल्या. तिथल्या विद्यापीठात बायकांना घेतच नव्हते. लपूनछपून चालणाऱ्या वर्गांत शिकल्या, लोकांच्या घरी राहून मुलं शिकवली, त्या पैशातून आधी बहिणीला शिकायला मदत केली आणि १८९१ मध्ये पॅरिसला गेल्या. पुढं दोन नोबेल, १९०३ आणि १९११.

सी-२०१ बाई
१८९१ म्हणजे बाबासाहेबांचं जन्मवर्ष! हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

ए-१०३ काका
जफरचंही एक सांगू का. इंग्रजांनी बादशहाला रंगूनला नेऊन टाकलं, तो तिथंच गेला. आपल्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं, ते १८४७ मध्ये तिथंच गेले. दोघांनाही माती परक्या गावची. त्याच महाराजांचं नाव आज या शाळेला आहे.

ए-२०२ आजी (नातू लिहितोय, आजी सांगतेय)
बी-१०२ च्या भाऊंना सांग. माझं गाव माण तालुक्यातलं. घरात मुलीचा जन्म कोणी लिहून ठेवत नसे. वडील मला शाळेत घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्मतारीख काय? वडील म्हणाले, त्या साली दुष्काळ होता, बाजरी हाताला आली नव्हती. गुरुजींनी १ जून लिहिलं. माझ्या नावाचा पहिला कागद तो. रेशनकार्ड, आधार, पेन्शन, सगळं त्याच्यावरनं झालं. वडिलांनी नाव घातलं नसतं तर मी कुठल्याच कागदावर नसते.

बी-३०३
आमच्या घरात १ जूनचे तीन वाढदिवस आहेत. सासरे, चुलत सासरे आणि आत्या.

बी-१०२
माझ्या वडिलांचीही १ जूनच. आजी, हे मला सुचलं नव्हतं. बाई, वर घ्या ती ओळ. २० मार्चचा फळा मात्र मी लिहिणार, आत्ताच सांगून ठेवतो.

बी-२०४
फळ्यावर जागा संपत आलीये. बिपिनचंद्र पाल पुसू का?

सी-२०१ बाई
अजिबात नको गं. लाल-बाल-पाल मधले पाल ते. अक्षर बारीक काढ. रामन यांच्या पुढं ‘नोबेल १९३०’ एवढंच लिही, बाकी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला लिहू.

बी-२०४
आणि सगळ्यात वर नाव कसं लिहू? डॉ. बाबासाहेब आंबेडकर?

सी-२०१ बाई
रजिस्टरमध्ये आहे तसंच लिही. भिवा रामजी आंबेडकर, वय ९. त्या दिवशी तो तेवढाच होता.

ए-१०३ काका
पाणी आलं. मोटर लावली आहे.

बी-२०४
लिहून झालं. खाली १९१४ नंबरपण टाकला. बाई, ती शाळा आतून बघता येते का?

सी-२०१ बाई
मी आधी शाळेत विचारते. परवानगी मिळाली तर रविवार सोडून कधीही जाऊ, शाळा भरलेली असताना बघावी. किती मुलं येणार तेवढं कळवा, रिक्षा सांगायच्या आहेत.

ए-२०२ आजी (नातू लिहितोय)
आजी विचारतेय, फक्त मुलंच नेणार का? तिला पण यायचंय. जिना असला तर हळूहळू चढेन म्हणतेय.