मिठागरातला सूक्ष्मजीव आणि सिकलसेलचा उपचार
"करदात्यांचा पैसा लगेच उद्योगाला उपयोगी पडेल अशाच संशोधनाला द्या," हे मत मला पटत नाही. आधी उपयोग दाखवा, मग पैसे घ्या, अशी अट घातली असती तर क्रिस्परचं, म्हणजे जनुकं कापून बदलायच्या तंत्राचं, काय झालं असतं?

स्पेनच्या किनाऱ्यावर सांता पोलाची मिठागरं आहेत. तिथल्या खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या डीएनएमध्ये फ्रान्सिस्को मोहिका या शास्त्रज्ञांना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे तुकडे दिसले; त्यांनाच पुढे क्रिस्पर हे नाव पडलं. ही नोंद १९९३ची. त्यातून पैसा निघेल असं तेव्हा कोण म्हणालं असतं? त्या तुकड्यांमधल्या जागेत विषाणूंच्या डीएनएचे अंश साठवलेले असतात, म्हणजे ही त्या जीवांची प्रतिकारशक्तीच आहे, हे त्यांनी ओळखलं. पण तो लेख अनेक नियतकालिकांनी परत पाठवला आणि २००५मध्ये कुठे छापून आला. २००७मध्ये दही-चीजसाठी विरजण बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगाने सिद्ध केलं, २०१२मध्ये त्याची जनुक कापायची कात्री झाली, २०२०मध्ये ती कात्री बनवणाऱ्यांना नोबेल. आणि २०२३मध्ये ब्रिटनने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली.

सिकलसेल म्हणजे आपल्या गडचिरोली-नंदुरबारचं दुखणं. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, आपल्या पेशंटच्या आवाक्याबाहेरची. तो इथे स्वस्तात करायचा तर मुळातलं जीवशास्त्र जाणणारी माणसं इथेच तयार हवीत. त्यांच्या फेलोशिपचे पैसे वेळेवर मिळणं, ही माझ्या मते पहिली मागणी असावी.