वेगवेगळ्या मुलखांतले दोन पोलीस: विनोद नेमका कोणाच्या जिवावर?

म्हापसेकर_रात्रपाळी: 'रश अवर'सारखे दोन पोलिसांच्या जोडगोळीचे हॉलिवूड सिनेमे आता बघवत नाहीत, परक्याच्या बोलण्यावर हसवतात, अशी तक्रार हल्ली बरीच ऐकू येते. मला पटत नाही. १९९८ चा पहिला भाग आठवा. हाँगकाँगचा पोलीस ली लॉस एंजेलिसला उतरतो. त्याला घ्यायला आलेला तिथला पोलीस कार्टर समोरचा बहिरा असल्यासारखा ओरडून बोलतो. ली चकार शब्द काढत नाही. मागाहून कळतं, गड्याला इंग्रजी उत्तम येतं. पोपट कोणाचा झाला? शिवाय एफबीआयला ली तपासात नको आहे आणि कार्टरच्या साहेबांना कार्टर डोळ्यांसमोर नको आहे. दोन नकोशी माणसं एकमेकांच्या गळ्यात मारलीत. खरी टर उडते ती वरच्यांची.

खडूस_प्रेक्षक: पहिल्या भागापुरतं मान्य. पण २००७ च्या तिसऱ्या भागात चिनी नावांवरच्या कोट्या सोडून काय उरलं होतं? आणि तोंडाळ काळा पोलीस, लाथा झाडणारा चिनी पोलीस, दोघंही साच्यातलेच. दोघांची चेष्टा केली की हिशेब चुकता, असं असतं का?

म्हापसेकर_रात्रपाळी: अरे, मधला २००१ चा विसरलास. तिथे गोष्ट हाँगकाँगला जाते, आणि भांबावतो तो कार्टर. एवढी फिरवाफिरवी किती सिनेमे करतात?

डिचोलीची_माई: संस्कृतीचा फरक लागतोच कशाला, म्हणते मी. 'लेथल वेपन' (१९८७) घ्या. एक गोरा, एक काळा, पण गंमत कातडीच्या रंगात नाहीच. एक पन्नाशीला टेकलेला संसारी, दुसरा बायको गेल्यावर जिवावर उदार झालेला. उलट 'रेड हीट'मध्ये (१९८८) सोव्हिएत पोलीस शिकागोत येतो आणि तो दगडी चेहरा हाच अर्धा विनोद. श्वार्झनेगरला ते बरं जमलं म्हणा, त्याला अभिनय करावा लागला नाही.

पेडण्याचा_भाचा: 😄 आता आपल्या गोव्याकडे या. सिंघमची बदली थेट कोलव्याला झाली, पण त्याच्या तोडीचा गोंयकार, म्हणजे गोव्याचा, जोडीदार कुठे दिसला? हिंदी सिनेमात आपला माणूस म्हणजे हॅट, गिटार आणि बाटली. मी म्हणतो, उत्तरेकडच्या पेडण्याचा हवालदार आणि दक्षिणेकडच्या सासष्टीचा फौजदार एका जीपमध्ये बसवा. एक दशावतारातला, दुसरा तियात्राचा, म्हणजे कोंकणी नाटकांचा, वेडा. हवालदाराला सोमवारी मासळी वर्ज्य, आणि फौजदारसाहेब नेमके सोमवारी मडगावच्या बाजारातून पिशवीभर इसवण (सुरमई) घेऊन ड्युटीवर!

खडूस_प्रेक्षक: झालं! बाटलीवर टीका करता करता तूच साच्यात शिरलास. एक सोवळ्यातला, दुसरा खवय्या.

पेडण्याचा_भाचा: पुढे ऐक की. जप्त केलेली चावी त्याच पिशवीत पडते, साहेब बाहेर कोणाशी तरी हुज्जत घालतायत, आणि सोमवारवाल्यालाच इसवणात कोपरापर्यंत हात घालावा लागतो.

खडूस_प्रेक्षक: हसू येईल, नाही कोण म्हणतो? पण हात कोणाचे बरबटले? पेडणेकराचेच. नेम त्याला, धर्मसंकट त्याला, म्हणून मनही त्यालाच. फौजदार नुसता मासे आणून मोकळा. हीच तर या जोड्यांची खोड आहे: ज्याच्या घरातून गोष्ट सांगता तो माणूस होतो, दुसरा नमुना.

सासष्टीची_सून: याच्याशी मी सहमत. माझं माहेर फोंड्याचं, सासर सासष्टीचं. आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या उपवासात शुक्रवारी मटण-चिकनचं नाव काढत नाहीत. फौजदाराचा तो शुक्रवार दाखवा ना! खबऱ्याने त्याला भेटायला शागुतीच्या, म्हणजे मटण-चिकनच्या रश्श्याच्या, हॉटेलात बोलवावं, प्लेट समोर वाफाळत असावी, संशय नको म्हणून खाल्ल्याचं नाटक करावं लागावं. आणि ते तुकडे कोणी बघत नाही असं पाहून हवालदाराने आपल्या पानात ओढावेत.

म्हापसेकर_रात्रपाळी: वा! हा प्रसंग 'रश अवर'वाल्यांनाही सुचला नसता.

खडूस_प्रेक्षक: हे चालेल. फक्त पटकथा पेडण्याच्या माणसाने एकट्याने लिहायची नाही. वहिनींना बरोबर घ्या, मग पहिलं तिकीट मी काढतो.