तबला नाही, पायपेटी!

शिलाई मशीनचा खडखडाट तबल्याच्या रेल्यासारखा, म्हणजे जलद बोलांच्या सलग लडीसारखा वाटतो, असं कुणीतरी म्हटलंय. मला काही पटलं नाही बुवा. तबल्यात पायाला काम कुठंय? मशीनचं सख्खं भावंड म्हणजे संगीत नाटकातली पायपेटी, पायाने भाता मारायची हार्मोनियम. तिथे पाय भात्यावर नि बोटं पट्ट्यांवर, इथे पायाने पायटा नि हात कापडावर. वयंही लागून आहेत. पॅरिसच्या दबँचं हार्मोनियमचं पेटंट १८४२ चं, अमेरिकेतल्या एलियस हाऊचं मशीनचं १८४६ चं.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी आईचं पायमशीन होतं. चामडी पट्टा सैल पडला की ती तो बोटभर कापून परत जोडायची. वरचा दोरा जास्त ताणला की टच्‌कन तुटणार, ढिला सोडला की कापडाखाली झुपके. म्हणजे सूर लावणंच की! मी मशीनवर बसलो की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, बॉबिन संपली, नुसती भोकं पाडतोयस!" आणि खालच्या दोऱ्याची ती छोटी रीळ खरंच संपलेली असायची.

बाकी दोऱ्यावाचून तंबोऱ्याचंही अडतं, तेव्हा तंबोऱ्यावाल्यांनी फार ऐट करू नये. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, खुलवायला घोडीवर (तार टेकते त्या पट्टीवर) तारेखाली सुताचा तुकडा सरकवावा लागतो. केसभर मागेपुढे झाला तर आवाज बसतो. आमचे काका तो दोरा आईच्या रिळातूनच पळवायचे, वर "पांढराच हवा" असा हट्ट. आईने मात्र शिवायला कधी त्यांचा तंबोरा मागितला नाही.