शब्दचर्चा : ‘राइप ओल्ड एज’ला मराठीत काय म्हणावं?

महर्षी कर्व्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करते आहे. ‘ही लिव्ह्ड टु द राइप ओल्ड एज ऑफ 104’ या वाक्याशी अडले. आधी ‘परिपक्व वय’ लिहिलं, मग ‘पिकलं वय’. दोन्ही खटकतात.

— ‘परिपक्व’ आधी काढा. आपल्याकडे विचार परिपक्व होतात, समज परिपक्व होते. विशीतली मुलगीही परिपक्व असू शकते. इथे बोलणं भरपूर आयुष्य मिळाल्याचं आहे, आणि त्यात समाधान आहे.

‘पिकलं’ची अडचण वेगळी. मराठीत म्हातारपणी पान पिकतं, आणि ‘पिकलं पान’ म्हटलं की ‘गळायचंच’ हे न बोलताही ऐकू येतं. इंग्रजी ‘राइप’ पानाचा नव्हेच. तो मुळात कापणीला आलेल्या धान्याचा शब्द, ‘रीप’ म्हणजे कापणे याच्या नात्यातला. बायबलमध्ये ईयोबाच्या पुस्तकात (5:26) असंच चित्र आहे : हंगामात धान्याची पेंढी घरी यावी, तसा माणूस पुरतं वय होऊन कबरेत जातो. म्हणजे आपल्या भाषेत हे पान पिकणं नसून शेत पिकणं आहे. शेत पिकलं की घरात आनंद असतो!

— मृत्युंजय मंत्रातलं ‘उर्वारुकमिव बन्धनात्’ आठवलं. पिकलेली काकडी देठापासून अलगद सुटते, तसं मृत्यूपासून सुटणं. तिथेही पिकण्याची खंत नाही.

— वापराबद्दल थोडं. हा प्रयोग ऐंशी-नव्वदीच्या माणसांसाठी शोभतो, साठीत गेलेल्यासाठी नाही. थट्टेत मात्र उलटा येतो : ‘ॲट द राइप ओल्ड एज ऑफ 12’. तिथे ‘अवघ्या बाराव्या वर्षी’ असंच करावं लागेल.

कर्व्यांसाठी मी लिहीन : ‘त्यांना 104 वर्षांचं उदंड आयुष्य लाभलं.’ जन्म 1858, मृत्यू 1962. शंभरी गाठली त्याच वर्षी भारतरत्न. ‘लाभलं’ या क्रियापदात ते समाधान आपोआप येतं. ‘जगले’ने ते येत नाही.

— ‘उदंड’ पटलं, तेच ठेवते. माझी पणजी गेली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, ‘सोनं झालं गं म्हातारीचं, भरल्या गोकुळातून गेली.’ लेखात ते बसणार नाही, पण अर्थ तोच आहे ना?

— अगदी तोच.