मुलीचे बाण डावीकडेच जातात, साइट (नेम धरायची पिन) सरकवायला जागा उरली नाही. सेटिंग कुठून सुरू करू?

वाशीमचा_बाप

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

मुलगी चौदाची आहे, उजव्या हाताची. आधी वर्षभर बांबूचं धनुष्य, दिवाळीपासून रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, ऑलिंपिकमध्ये असतं ते). सगळा संच सेकंडहँड घेतला. रायझर (मधला मुठीचा भाग) २५ इंची, लिंब (वरखालच्या वाकणाऱ्या पात्या) मीडियम, म्हणजे धनुष्य ६८ इंच. लिंबावर २४ पाउंड छापलंय. बाण कार्बनचे, ७०० स्पाइन (बाणाच्या कडकपणाचा आकडा), २९ इंच लांब, एका मोठ्या पोराने वापरून सोडलेले आठ नग.

अडचण अशी की १८ मीटरवर बाण डावीकडे जातात. साइट डावीकडे घेत गेलो, घेत गेलो, आता पिन शेवटाला टेकली. ३० मीटरवर तर अर्धे बाण कागदाच्या बाहेर, कागद लावायच्या बटच्या गवतात. वर स्ट्रिंग हाताला लागते. कोपराच्या आतल्या बाजूला काळंनिळं झालंय, तिची आई माझ्याकडे बघते तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

मैदानावर सर आहेत, चांगले आहेत, पण आठवड्यातून दोनदा येतात आणि पोरं चाळीस. म्हणून मी व्हिडिओ पाहून बटनाचा (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खुंटी) स्क्रू फिरवला. एक म्हणतो कडक करा, दुसरा म्हणतो ढिलं करा. ढिलं करत करत आता स्प्रिंगला काही ताणच उरला नाही. ज्याच्याकडून सामान घेतलं तो म्हणतो २८ पाउंडचे लिंब घ्या, नाहीतर बाण दोन इंच कापून देतो, सगळं सरळ होईल. लिंबांचा खर्च आत्ता झेपणार नाही. काय करू?


कंपाउंडवाला_नागपूर

दादा, पेपर ट्यूनिंग करा. फ्रेमवर कागद ताणून लावायचा, दोन मीटरवरून बाण मारायचा, कागद कसा फाटतो ते बघायचं. आमच्याकडे, म्हणजे कंपाउंडला (टोकांना चाकं असलेलं धनुष्य), पहिलं काम तेच. २०२३ मध्ये बर्लिनला आपल्या ओजस देवतळेने फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले आणि साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हापासून इकडे प्रत्येक पोराला कंपाउंडच पाहिजे. तुम्ही पण तिकडेच वळा, ना बोटं ना भानगड :)


अंबानगरी_तिरंदाज

नागपूरकर, पोरीला तिच्या आवडीचं मारू द्या. आणि कागदाचा सल्ला तिला आत्ता नको. तुमच्याकडे रिलीज एडने (बोटांऐवजी स्ट्रिंग सोडायचं हातातलं उपकरण) स्ट्रिंग सरळ सुटते, बाण वाकला तरी मुख्यतः वरखाली वाकतो. बोटांनी सोडली की स्ट्रिंग बोटांवरून घसरताना आडवी सरकते, बाण आडवा वाकतो आणि मासळीसारखा डावीउजवीकडे वळवळत रायझरला वळसा घालून जातो. दोन मीटरवर तो त्या वळवळीत नेमका कुठे असेल त्यावर कागद फाटणार. नवख्या हाताचे पाच बाण पाच तऱ्हेने फाडतील आणि दादा पुन्हा स्क्रू फिरवत बसतील.

वाशीमचे दादा, आता तुम्ही. आधी पाना खाली ठेवा. एक वही, स्टीलची पट्टी आणि प्रवासाची बॅग तोलायचा तो हुकवाला काटा घ्या. माझा अंदाज आहे की धनुष्यात एक नाही, दोन-तीन गोष्टी बिघडल्यात आणि बटनाने त्या झाकायचा प्रयत्न चाललाय. बटन हे बारीक कामाचं हत्यार आहे. भाजीत मीठच नसेल तर कोथिंबीर भुरभुरून चव येत नाही.

स्ट्रिंग हाताला लागते हे वाचूनच मला ब्रेस हाइटचा संशय आला. ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून स्ट्रिंगपर्यंत काटकोनात मोजा. ६८ इंची धनुष्याला साधारण साडेआठ ते नऊ इंच लागते, म्हणजे २१.५ ते २३ सेंटीमीटर. कमी असेल तर धनुष्य उतरवा, एका टोकाचा फास काढा आणि स्ट्रिंगला पीळ द्या, आधी ज्या दिशेने पीळ आहे त्याच दिशेने. दहा-दहा पीळ देत मोजत जा. धनुष्य चढवता-उतरवताना दर वेळी स्ट्रिंगर वापरा, पायात अडकवून चढवलं की लिंबाला पीळ पडतो. (मी घरी फोनवर एकदा हेच बोलले तर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, लिंब पिळायचंच असतं. असो.) सेकंडहँड आहे म्हणून तोही बघून घ्या. धनुष्य खुर्चीवर टेकवून मागे उभं राहा, एक डोळा मिटा. स्ट्रिंग दोन्ही लिंबांच्या बरोबर मध्यातून आणि रायझरच्या बोल्टवरून गेली पाहिजे. एक लिंब तिरकं दिसलं तर पुढचं काहीच करू नका, आधी सरांना दाखवा.

मग टिलर. वरचं लिंब रायझरला जिथे मिळतं तिथून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर आणि खालच्या लिंबाचं तेच अंतर. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरत असेल तर वरचं अंतर ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावं. उलटं निघालं तर कोणीतरी बोल्ट फिरवून ठेवलाय. लॉक स्क्रू सैल केल्याशिवाय बोल्टला जोर लावू नका, आटे जातात.

नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर बाण अडकवायची खूण) काटकोनाच्या रेषेपासून १० मिलिमीटर वर बांधून सुरुवात करा. पितळी कडी नको, दोऱ्याने बांधा, म्हणजे हलवता येतो. आणि नॉक (बाणाच्या मागची खाच) स्ट्रिंगवर कसा बसतो ते तपासा: बाण स्ट्रिंगला लटकवा, टोक जमिनीकडे, स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारा. बाण पडला पाहिजे. टिचकीआधीच पडला तर सैल, दोन टिचक्यांनीही नाही पडला तर घट्ट.

ही टिचकी मला फार महाग पडली. बांबूवरून रिकर्व्हवर आले त्या वर्षी स्ट्रिंगचं मधलं सर्व्हिंग (वरून गुंडाळलेला दोरा) उसवलं. मी हौसेने स्वतः गुंडाळलं, दोरा मिळाला तो जाड होता. दुसऱ्या दिवसापासून ५० मीटरवर बाण वरखाली, एक आठच्या रिंगमध्ये तर दुसरा तीनच्या. तीन आठवडे मी बटन फिरवलं, नॉकिंग पॉइंट हलवला, टिलर बदलला, रडले. शेवटी सरांनी बाण लटकवला, चार टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे बघितलं. बाण जागचा हलला नव्हता. त्या तीन आठवड्यांत मी इतकं काही बदललं होतं की मूळ सेटिंग काय होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून वही.

आता डावीकडचं. मला वाटतं मुख्य दोष बाणाचा आहे. स्पाइनचा आकडा म्हणजे बाण २८ इंचांवर दोन टेकूंवर ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगलं तर इंचाच्या हजाराव्या भागात किती वाकतो ते. ७०० चा बाण ०.७ इंच वाकतो, १००० चा पूर्ण एक इंच. आकडा मोठा तेवढा बाण मऊ. लिंबावर छापलेले २४ पाउंड २८ इंचांच्या खेचीला असतात. चौदाची पोरगी २८ खेचत नसणार. एक इंच कमी म्हणजे साधारण दोन पाउंड कमी. मग तिच्या हातात २०-२१ येतात आणि त्या जोराला ७०० चा बाण म्हणजे काठी. तो वाकतच नाही, रायझरला वळसा न घालता बटनावरून बाहेर फेकला जातो. उजव्या हाताच्या माणसाचा कडक बाण डावीकडे जातो, मऊ उजवीकडे. डावखुऱ्याला उलटं.

बटन ढिलं करणं दिशा म्हणून बरोबर होतं, पण आता त्यात पुढे जागा नाही. बाण कापणं तर पायावर धोंडा, आखूड बाण आणखी कडक होतो. २८ पाउंडच्या लिंबांनी बाण थोडा सरळ जाईलही, पण तिचा खांदा जाईल. बाण स्वस्त आहे, खांदा नाही.

बांबूच्या धनुष्याला बटनच नसतं, बाण मुठीच्या कडेवरून जातो. तिथे धनुष्याला जमेल असा बाण शोधणं हेच सगळं ट्यूनिंग. ती वर्षभर तेच मारत होती, तिला विचारा, कोणता बाण 'चावतो' ते तिला कळत असेल.

काट्याचा हुक स्ट्रिंगला लावा, तिच्या खेचीइतका खेचा, आकडा लिहा. बाण लावल्याशिवाय स्ट्रिंग सोडायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. मग इथे सांगा.


वाशीमचा_बाप

ताई, मोजलं.

ब्रेस हाइट २०.१ सेमी. टिलर उलटा, खालचं अंतर ५ मिमीने जास्त. लिंब सरळ आहेत, सरांनीही बघितलं. टिचकी पहिल्याच फटक्यात पास. तिची खेच साडेसव्वीस इंच, काट्यावर ९.३ किलो, म्हणजे साडेवीस पाउंड. काटा मामाच्या मुंबईच्या बॅगेसाठी घेतला होता, आता तो तिच्या किटमध्ये आहे.

पीळ देऊन ब्रेस २२.२ वर आणली. पहिला बाण सोडला तेव्हा आवाजच वेगळा. आधी फटाककन वाजायचं, आता दबका आवाज. हाताला लागणं थांबलं. टिलर वर ४ मिमी केला. बाण अजून डावीकडेच, पण आता सगळे एकाच ठिकाणी डावीकडे.


अंबानगरी_तिरंदाज

एकाच ठिकाणी चुकले ना? मग अर्धं काम झालं.

साडेवीस पाउंडला १००० ते १२०० च्या आसपासचा बाण लागेल. लगेच विकत घेऊ नका. मैदानावर तिच्याच चणीची एखादी पोर असेल, तिचे चार बाण उसने घ्या. बटन मधल्या ताणावर आणा. मागून बघताना स्ट्रिंग रायझरच्या मध्यावर धरली की बाणाचं टोक स्ट्रिंगच्या किंचित डावीकडे दिसलं पाहिजे, फार तर बाणाच्या जाडीइतकं.

मग एका बाणाची पिसं काढा. आधी १० मीटर, कारण बिनपिसाचा बाण तिरका घुसला तर मोडतो. ठीक वाटलं तर १८. तीन पिसांचे, एक बिनपिसाचा, असे निदान सहा फेरे. एका फेऱ्यावरून काही ठरवायचं नाही. बिनपिसाचा पिसवाल्यांच्या वर लागला तर नॉकिंग पॉइंट वर न्या, खाली लागला तर खाली आणा. डावीकडे लागला तर अजून कडक, बटन थोडं ढिलं करा. उजवीकडे लागला तर बटन कडक करा. एका वेळी एकच गोष्ट, पाव फेरा, आणि वहीत नोंद. आधी उंची जुळवा, मग डावंउजवं.


कंपाउंडवाला_नागपूर

ताई, मासळीचं पटलं. कागद मागे घेतो :) एक भर घालतो, पिसं रेस्टला (बाण टेकतो तो आधार) घासतात का तेही बघा. बाणाच्या मागच्या भागावर आणि रेस्टवर टाल्कम पावडर मारायची, एक बाण सोडायचा, पावडर कुठे पुसली ते बघायचं. हे कंपाउंडला आणि रिकर्व्हला सारखंच.


वाशीमचा_बाप

दोन आठवड्यांनी येतोय, परीक्षा होती.

बारा वर्षांच्या एका पोरीचे १००० चे बाण उसने मिळाले. पहिल्या दिवशी बिनपिसाचा बाण पिसवाल्यांपासून एक वीत डावीकडे आणि चार बोटं वर. नॉकिंग पॉइंट दोन वेळा मिळून ३ मिमी वर नेला, उंची जुळली. बटन अर्धा फेरा ढिलं केलं. आता बिनपिसाचा बाण पिसवाल्यांच्या शेजारी, डावीकडे दोन बोटं. साइटची पिन परत आत आली, जवळजवळ बाणाच्या वर. ३० मीटरवर काल सहाही बाण कागदावर, चार लाल-पिवळ्यात. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

एक कोडं आहे. शनिवारी संध्याकाळी तोच बिनपिसाचा बाण अचानक उजवीकडे जायला लागला. धनुष्याला कोणी हात लावला नव्हता, शपथ. मी ब्रेस मोजली, तेवढीच. बटन कडक करू का?


अंबानगरी_तिरंदाज

नको! किती बाण झाले होते शनिवारी?


वाशीमचा_बाप

शंभराच्या वर. जिल्ह्याची निवड जवळ आलीय म्हणून.


अंबानगरी_तिरंदाज

दमली होती ती. शंभराव्या बाणाला पाठ ढिली पडते आणि बोटं स्ट्रिंग ओढून सोडतात. बिनपिसाचा बाण धनुष्याचं जेवढं सांगतो तेवढंच माणसाचंही सांगतो. सकाळी ताज्या हाताने दोन फेरे मारून बघा. जागेवर आला तर दोन बोटं डावं राहू द्या, या वयात खेच वाढतेय, तीन महिन्यांत आपोआप बदलेल. क्लिकर (खेच पूर्ण झाली की टक वाजणारी पट्टी) लावला नसेल तर त्याचं सरांना विचारा, खेच दर वेळी सारखी आहे की नाही ते कळेल. आणि निवड होईपर्यंत बटनाला हात लावायचा नाही. तुम्ही पण नाही.


वाशीमचा_बाप

सकाळी मारले. जागेवर.

बटनाचा पाना तिने स्वतःच्या कंपासमध्ये ठेवलाय, ताई. मागितला तर वही दाखवते.