सगळा सोर्स एकाच कमिटमध्ये फॉरमॅट करावा का?

कुळागर: देवनागरी कोंकणीचं रोमी (रोमन लिपीतलं रूप) करणाऱ्या आपल्या सी लायब्ररीत ओळ आत सरकवायला एका फायलीत टॅब, दुसरीत चार स्पेस, तिसरीत दोन. चवथीनंतर बाहेरचे लोक पॅच (कोडमधले बदल) पाठवू लागतील, त्याआधी नियम ठरवूया. माझं मत: लिनक्स कर्नलची शैली घ्यावी, ८ रकान्यांचा टॅब आणि ओळ ८० पर्यंत. बदल एकच, एका ओळीच्या इफलाही महिरपी कंस सक्तीचा. २०१४ मध्ये ॲपलच्या टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही थेट शेवटाकडे उडी मारणारी ओळ चुकून दोनदा पडली. कंस नसल्यानं दुसरी ओळ इफच्या बाहेर गेली, सही तपासायची शेवटची पायरी गाळली गेली आणि फंक्शन यश कळवत राहिलं. मग क्लँग-फॉरमॅट, म्हणजे कोडची मांडणी आपोआप सरळ करणारा प्रोग्रॅम, सगळ्या फायलींवर एकदाच चालवायचा आणि तो सगळा बदल एकाच कमिटमध्ये (इतिहासातल्या एका नोंदीत) ठेवायचा.

खाजन: कंस घाला, पण तसली चूक जीसीसी या कंपायलरच्या ६ व्या आवृत्तीपासून -वॉल (वॉर्निंग चालू करायचा पर्याय) लावलं की फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग देऊन पकडली जाते. एकगठ्ठा फॉरमॅटला माझा ठाम विरोध. प्रलंबित पॅच सगळे कॉन्फ्लिक्टमध्ये अडकतील आणि गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) बदललेल्या प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव दाखवेल. ‘गिट क्लँग-फॉरमॅट’ फक्त बदललेल्या ओळी सरळ करतो, तेवढं पुरे.

कुळागर: ब्लेमचं रडगाणं जुनं झालं. गिट २.२३ पासून फॉरमॅटच्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) एका फायलीत लिहून ब्लेमला ती वगळायला सांगता येते. पॅचही आधी मर्ज करून घेऊ. तुमच्या रीतीनं एकाच फंक्शनचा वरचा भाग आठ रकाने आत आणि खालचा दोन राहणार, तो वाचायचा कसा?

पोदेर: दोघेही इंडेंटवर अडलात. फॉरमॅट करायचंच असेल तर आधी तीन गोष्टी. एक, क्लँग-फॉरमॅटची आवृत्ती ठरवून द्या. तीच कॉन्फिग फाइल दोन आवृत्त्यांत वेगळा निकाल देऊ शकते, मग सीआय (प्रत्येक बदलाची आपोआप होणारी तपासणी) विनाकारण लाल. दोन, हेडरची (इन्क्लूड केलेल्या फायलींची) आपोआप क्रमवारी लावणं बंद करा. एक हेडर दुसऱ्यावर टेकलेलं असेल तर क्रम बदलल्यावर कंपाइलच होणार नाही. तीन, एका ओळीत एक अक्षर असा हाताने मांडलेला अक्षरांचा तक्ता ‘क्लँग-फॉरमॅट ऑफ’ आणि ‘ऑन’ या कमेंटच्या मध्ये ठेवा, म्हणजे त्याला हात लागणार नाही. ‘ऑन’ विसरलात तर पुढची अख्खी फाइल सुटते.

पण नियमावलीत पहिला नियम हवा तो वेगळाच: मजकुराचा प्रत्येक बाइट ‘अनसाइन्ड चार’ (ऋण न होणारा आकडा) म्हणूनच हाताळावा. यूटीएफ-८ मध्ये ‘क’चे तीन बाइट, त्यातला पहिला २२४. इंटेलच्या लॅपटॉपवर साधा ‘चार’ साइन्ड असतो, म्हणून तो -३२ वाचला जातो आणि २२४ शी तुलना कधीच जुळत नाही. एआरएमवरच्या लिनक्समध्ये ‘चार’ अनसाइन्ड, तिथे तोच कोड व्यवस्थित चालतो. अक्षर आहे का ते तपासणाऱ्या ‘इज-अल्फा’ला असा ऋण आकडा दिला तर काय होईल याची सी हमी देत नाही. हे कुठला फॉरमॅटर पकडणार?

खाजन: मी म्हणतो ते हेच, पात्रांव! कंसापेक्षा मेमरीचे नियम लिहा. मेमरीचा ब्लॉक लहान-मोठा करणाऱ्या ‘रीअलॉक’चा निकाल त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नये, तो नल (रिकामा पॉइंटर) आला की जुना ब्लॉक हातचा जातो. चूक आल्यावर बाहेर पडायच्या वाटेवर गोटू चालेल, पण लेबलाचं नाव ‘एरर१’ नको, ‘फ्री-बफर’सारखं कामावरून हवं, आणि सोडायचा क्रम घेतलेल्याच्या उलटा. मेमरी सोडणाऱ्या ‘फ्री’ला नल चालतो, पण नल स्ट्रक्चरच्या आतला पॉइंटर काढायला गेलात की प्रोग्रॅम पडतो.

कुळागर: हे सगळं आत घेऊ. इंडेंटवर मात्र मी हटत नाही.

खाजन: मग निदान पोदेरबाबाचा साइन्डचा पॅच आधी मर्ज होऊ दे. तो आणि फॉरमॅट एका कमिटमध्ये मिसळलेत, तर ब्लेमची वगळायची यादी तो बदलही लपवेल.

कुळागर: मान्य. फॉरमॅटच्या कमिटमध्ये हाताने एक अक्षरही बदलणार नाही.