मदत हवी आहे : हर्पिसची तपासणी कुठवर करत राहायची?

नमस्कार. मी यावल तालुक्यातली, नोकरीसाठी जळगावात राहते. नाव सांगत नाही, समजून घ्या.

ज्याच्याशी पूर्वी माझे संबंध होते, त्याने श्रावणात फोन करून सांगितलं की त्याला खालच्या जागी फोड आले होते आणि स्वॅबमध्ये हर्पिस टाइप-२ निघाला. (अंगावर उठते ती नागीण नव्हे, तो विषाणू वेगळा.) आमचा शेवटचा संबंध आषाढातला. मला तेव्हापासून फोड नाही, जखम नाही, लघवीला आग नाही.

६ आठवड्यांनी टाइप-२चं आयजीजी (लागण झाल्यावर रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) केलं, निगेटिव्ह. १२ आठवडे उलटल्यावर परत निगेटिव्ह. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही ३ महिन्यांनंतर सिव्हिलमध्ये करून घेतली, दोन्ही निगेटिव्ह. तरी मन मानेना म्हणून दिवाळीनंतर, १६ आठवडे झाल्यावर, पुन्हा रक्त दिलं. आयजीजी निगेटिव्हच. पण लॅबच्या पॅकेजमध्ये आयजीएमही (लागणीच्या सुरुवातीला येणारी प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) होतं आणि ते 'बॉर्डरलाइन' आलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, महिन्याभराने रिपीट करून घ्या."

आता रूमवरच्या मुली कोपरावरची पट्टी बघून विचारतात, रक्त कमी आहे का गं तुझं? काय सांगू? घरी आखाजीच्या सुमारास लग्न करायचं ठरतंय. मुलगा समजूतदार आहे, त्याच्यापासून काही लपवायचं नाही. पण आधी मलाच नीट कळू दे. अजून एकदा तपासू की थांबू? कोणी जाणकार असेल तर सांगा.

प्रतिसाद (धुळे, लॅब टेक्निशियन)

ताई, माझं स्पष्ट मत आहे, थांबा.

आयजीएमचा कागद बाजूला ठेवा. हर्पिसमध्ये ही तपासणी भरवशाची नाही. टाइप-१ की टाइप-२ हे ती धड सांगत नाही, आणि खोटी पॉझिटिव्हही येते. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी ती करू नका म्हणते, तरी आपल्याकडे पॅकेजमध्ये सर्रास घातली जाते, याचा मला राग येतो. तुमचं आयजीएम खरं असतं तर एवढ्या काळात आयजीजी वर यायला हवं होतं.

टाइप-२ची लागण झाली असेल तर बहुतेकांच्या रक्तात १२ आठवड्यांत आयजीजी दिसतं, उशिरात उशिरा धरलं तरी १६. तुम्ही तोही टप्पा ओलांडलाय. शंभर टक्के खात्री कुठलीच तपासणी देत नाही, पण यापुढे रक्त देऊन ती वाढणारही नाही. उलट दर वेळी खोट्या पॉझिटिव्हची शक्यता असते. आयजीजीच्या रिपोर्टात १.१ ते ३ च्या मधला आकडा आला तर तो पुष्कळदा खोटा निघतो आणि नवीन घोर लागतो.

पुन्हा तपासायचं ते दोनच वेळी: नव्याने संबंध आला तर, किंवा फोड उठला तर. फोड उठल्यावर रक्त देत बसू नका. तो ओला असताना, शक्यतो दोन दिवसांत, त्याचाच स्वॅब पीसीआरला (थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीला) द्या. सुकल्यावर विषाणू सापडायला कठीण जातं.

तिन्ही रिपोर्ट घेऊन एकदा त्वचारोगतज्ज्ञांना किंवा सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांचं सरकारी क्लिनिक) दाखवा. समुपदेशकाशी बोलणं गुप्त राहतं. होणाऱ्या नवऱ्याला कसं सांगायचं तेही तिथेच विचारा, हवं तर त्यांनाही सोबत न्या.